घोडा नसलेला दगड

बाबा, तुमचा दगड अजून बसवलेला नाही. तो तयार आहे. अंबडच्या घरात जिन्याखाली, तुमच्या सायकलीशेजारी, गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. पेठकडच्या आपल्या गावी माणूस गेला की त्याच्यासाठी शिवारात कोरीव दगड उभा करतात, वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस, आणि तोवर गेलेल्याला जागा मिळत नाही म्हणतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं! दगड घडवणाऱ्याने विचारलं होतं, "घोडा काढू ना?" तुम्ही जन्मभर सायकलवरून कंपनीत गेलात, टांग्याचा घोडा दिसला तरी रस्ता ओलांडायचात. तरी मी म्हटलं, काढा. त्यालाही आता आठ वर्षं झाली. आधी रजा नव्हती, मग पाऊस लागला, मग भावकीत लग्न निघालं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आजोबांच्या दगडावर पाय टेकवून मी बुटाची नाडी बांधत होतो, तो दिवस आठवतो. मी चौथीत असेन. तुम्ही हात उगारला नाहीत. "पाय काढ. तुझा आजा हाय तो," एवढंच म्हणालात आणि खाली बसून माझी नाडी स्वतः बांधलीत. तुमच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास येत होता.

मागच्या वर्षी कंपनीने मला नवीन मशीन शिकायला महिनाभर स्कॉटलंडला धाडलं. तिथला एक सहकारी रविवारी कलोडनचं रणांगण दाखवायला घेऊन गेला. नुसतं माळरान, वारा, आणि दोन्ही फौजा कुठे उभ्या होत्या ते सांगणारी लाल-निळी निशाणं. अडीचशे वर्षांपूर्वी तिथे राजाच्या फौजेकडून तासाभराच्या आत डोंगरी कुळांची माणसं शेकड्यांनी मारली गेली. पुरलं तिथे गवताचे उंचवटे आहेत आणि त्यांच्यापुढे ओबडधोबड दगड, वर फक्त कुळाचं नाव. एकावर 'मिश्र कुळं' लिहिलंय, म्हणजे कोण कुठला ते कळलंच नाही. एक बाई एका दगडाशी फुलं ठेवत होती. तुमचं कोण, मी विचारलं. ती म्हणाली, "माहीत नाही. आमचं आडनाव आहे यावर." इथे मला भरून यायला हवं होतं. मी वाट पाहिली. थंडीने नाक तेवढं वाहिलं. तुम्ही गेलात तेव्हाही मी असाच कोरडा होतो, पाहुण्यांना चहा मिळाला का ते बघत. निघताना माझी नाडी सुटली होती. जवळ टेकायला एक दगडच होता. मी ओल्या गवतात गुडघा टेकून ती बांधली.

परत आल्यावर तिथल्या दगडांचे काढलेले फोटो धुऊन आणले. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिने एक फोटो नाकाशी धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बसवला का रे त्यांचा दगड? सांगितलं नाय ते. आन् घोडा कुठं हाय?"

मी "हो" म्हणालो. म्हटलं, "शेवाळ धरलंय आई, म्हणून घोडा दिसत नाही."

ती रडली. मी पाणी आणून दिलं. आता तो फोटो देव्हाऱ्यात आहे. रोज सकाळी ती त्याला कुंकू लावते आणि घरातलं सगळं तुम्हाला सांगते, कुकरची शिट्टी बिघडली तेसुद्धा. कुठल्या परक्या कुळाची माणसं ते ऐकत असतील देव जाणे. मी मागे उभा राहून हात जोडतो.

तुमचा दगड जीपमध्ये घालून एका दिवसात बसवून येता येईल, रजाही लागणार नाही. पण तो जिन्याखाली आहे तोवर तुम्ही घरात आहात असं मला वाटतं, आणि मला काही वाटतं म्हणावं असं तेवढंच उरलंय. आई म्हणते, डोळे झाले की पहिल्यांदा फोटोतला घोडा बघणार. तिच्या ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली आहे, बाबा. तिला सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत.