पाळणाघरात बुडवलेली बोट

प्रिय बारक्या,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलं. आज तू समोर असतास तर कान पिळून धक्क्यावरून पाण्यात ढकललं असतं तुला. मोठा साहेब झालास म्हणून काय झालं, मोठी बहीण आहे मी, तो हक्क मला मरेपर्यंत आहे. फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतोस. पत्र असं मध्येच बंद करता येत नाही. तेव्हा गुपचूप बस आणि शेवटपर्यंत वाच.

इकडे तब्येती ठीक. आईचा गुडघा दुखतोच आहे, औषध घे म्हटलं की माझ्यावरच खेकसते. तुझे भावजी पहाटे बोट घेऊन जातात आणि अर्धी रिकामी घेऊन परततात. मी मच्छीमार सोसायटीच्या बर्फघरात असते, त्यामुळे कुणाला किती मासळी मिळाली ते आधी मला कळतं. पूर्वी या दिवसांत बर्फ पुरायचा नाही, लोक माझ्याशी हमरीतुमरीवर यायचे. परवा उरलेला बर्फ वितळून गटारात गेला आणि मी नुसती बघत उभी राहिले. सगळं तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. मोठी जहाजं आहेत, बारीक भोकांची जाळी आहेत, कारखान्यांचं पाणी आहे. पण जी एक जागा आपण राखली होती, तिचा सत्यानाश मात्र तू केलास.

धक्क्याच्या डावीकडचं उथळ पाण्यातलं गवत म्हणतेय मी. बाबा त्याला पाळणाघर म्हणायचे. मोठे मासे खोल समुद्रात कामाला जातात आणि पिल्लं इथे वाढतात, असं सांगून हसायचे. त्या गवतात कुणी नांगर टाकायचा नाही, जाळं ओढायचं नाही, यासाठी त्यांनी किती जणांशी वाकडं घेतलं! सख्ख्या काकाने एकदा तिथे नांगर टाकला तर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि त्या मोठ्या वादळात शेजारच्या वस्तीची वाळू, भिंती, सगळं समुद्राने ओढून नेलं, आपलं घर राहिलं, कारण गवताच्या मुळांनी वाळू धरून ठेवली होती. तू तेव्हा शाळेत होतास, तुला आठवत नाही असं म्हणूच नकोस.

बाबा गेल्यावर त्यांच्या नावाने समुद्रासाठी काहीतरी करायचं म्हणालास तेव्हा माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. धंदा चालला की माणसं बंगले बांधतात, तुला दान सुचलं. मग तुझ्या ट्रस्टची ती गॉगलवाली बाई आली. म्हणे, बाबांची जुनी बोट बुडवू, मासे तिच्यात घर करतील. मी म्हटलं, करतात हो, पण कुठे बुडवायची आणि कशी, ते जाणकारांना विचारा. ती गोड हसली आणि सगळं ठरलंय म्हणाली. जागा निवडली ती कॅमेऱ्यात धक्का आणि बोट दोन्ही यावेत अशी, म्हणजे नेमकी गवतावर. वर फोटोत उठून दिसावी म्हणून तिच्या तळाला ताजा लाल रंग दिला! अरे गाढवा, तो रंग कशासाठी असतो? बोटीला शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून त्यात विष घातलेलं असतं. लहानपणी आपण दोघं तोंडाला फडकं बांधून तोच रंग लावायचो आणि नंतर बाबा आपले हात कातडी निघेपर्यंत घासायचे. जिवांना राहायला घर दिलंस आणि भिंतींना विष फासलंस. बोट बुडाली तेव्हा टाळ्या वाजवताना तुझी अक्कल कुठे गहाण पडली होती?

कॉलेजातून इथलं पाणी तपासायला एक मुलगी येते, ती गेल्या आठवड्यात खाली उतरून बघून आली. बोटीवर साधं शेवाळसुद्धा धरलेलं नाही. भोवतीचं गवत काळं पडलंय, आणि लाटेबरोबर बोट सरकते तशी मुळं उखडत जाते. पिल्लांचा पत्ता नाही. धक्क्यावर पितळी पाटीवर बाबांचं नाव मात्र चकचकतंय. लोक मला काही बोलत नाहीत, बर्फ घेतात आणि मान खाली घालून निघून जातात. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ताईला दान नकोय असा सोयीचा अर्थ काढू नकोस. हवंय! सरकारी साहेब बदलत राहतात, आमचे खिसे फाटके, तुझ्यासारख्यांनी हात दिल्याशिवाय समुद्र सावरणार नाही. पण आधी विचार तरी, काय हवंय म्हणून. गवताभोवती तरंगत्या खुणा हव्यात, म्हणजे बाहेरच्या बोटी तिथे नांगर टाकणार नाहीत. राखण करणाऱ्याला दर महिन्याला पगार हवा, कार्यक्रमापुरती शाल नको. विणीच्या दिवसांत जे बोटी बांधून घरी बसतात त्यांची चूल पेटायला हवी. त्या मुलीला वर्षानुवर्षं येऊन पाणी तपासता यायला हवं. यातल्या एकाचाही फोटो चांगला येत नाही, मला कळतं. पण समुद्राला तुझा फोटो काय करायचाय?

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. पुढच्या आठवड्यात बंदर कचेरीत सभा आहे. तुझा ट्रस्ट किनाऱ्यावर अशाच आणखी बोटी बुडवणार आहे, आणि परवानगीसाठी तू स्वतः बोलायला येणार आहेस, असं पत्रिकेत छापलंय. सोसायटीची माणसं तुझ्या बाजूने आहेत, त्यांना ट्रस्टकडून नवा धक्का बांधून मिळणार आहे. तुझ्याविरुद्ध कुणी बोलणार नाही. मी बोलणार आहे. हा माझा पाठचा भाऊ, याने आमच्या बापाच्या नावाने बापाचंच पाळणाघर मारलं, याला दुसरी बोट बुडवू देऊ नका आणि आधी पहिली बाहेर काढायला लावा, असं भर सभेत सांगणार आहे. आईला सांगितलं. ती म्हणाली, मला पुढच्या रांगेत बसव, मागून ऐकू येत नाही. हे तुला तिच्या देखत पहिल्यांदा ऐकावं लागू नये म्हणून आधी कळवते. माझ्याआधी उठून तूच हे सांगितलंस तर मी खुर्चीतून हलणार नाही.

तोंडही बघू नये असं वाटतंय, तरी तुझीच,
ताई