सेलेनियमची बाटली

दि. ३ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.,

घरी सुखरूप पोचले. पत्र शेजारची नर्सबाई लिहून घेते आहे. ती शिव्या गाळते, तेव्हा वाक्य मवाळ वाटेल तिथे आपली आपण एक घालून घे.

चार दिवस तुझ्याकडे राहिले. घरात लसणाची पाकळी नाही आणि तुझ्या तोंडाला लसणाचा वास! केस मोरीच्या जाळीवर, नखांचे पापुद्रे सुटलेले. घड्याळं दुरुस्त करणारी तू, पण चिमट्यातून स्क्रू दोनदा निसटला. हे ऐकून नर्सबाईनं आधी विचारलं, पोरगी सेलेनियम घेते का? कपाटावरची ती बाटली कसली? आणि थायरॉईडची सकाळची गोळी घेताना तू एकदाही का दिसली नाहीस? खरं कळव.

माया आहेच, सध्या राग वर आहे.

आजी

दि. ९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.,

बाटली सेलेनियमचीच, यांनी आणली. यांचे व्यायामाचे मास्तर म्हणाले, थायरॉईडला सेलेनियम लागतंच, मग जन्मभर गोळी कशाला? बाटलीवर रोज एक कॅप्सूल असं लिहिलंय, मी तीन घेते. लवकर गुण येईल असं यांचं म्हणणं. गोळी बंद करून अडीच महिने झाले. दुकानात भिंग डोळ्याला लावल्या-लावल्या झोप येते. हे म्हणतात, आळस.

रागावलीस तरी पत्र पाठव.

चिमणी

दि. १४ मार्च

चि. जावईबापूंस आशीर्वाद, तूर्त एकच.

मला अक्षर कळत नाही, पण नर्सबाईनं सांगितलं ते एकदा ऐकून कळलं. तुम्ही तर पदवीधर. सेलेनियम गळ्यातल्या त्या थायरॉईड ग्रंथीला लागतं, पण चिमूटभर. अति झालं की केस जातात, नखं तुटतात, तोंडाला तो वास येतो. तिच्या ग्रंथीला जे बनवता येत नाही ते गोळी देते. मीठ वाढवलं म्हणून पिठाशिवाय भाकरी होते का? तुमची दाढ दुखली तेव्हा तडक दवाखाना गाठलात. तिच्या गळ्याला मात्र व्यायामाचे मास्तर पुरले! ती आळशी नाही, आजारी आहे. बाटली बंद करा आणि तीच बरोबर घेऊन तिला उद्या डॉक्टरांकडे न्या.

नर्सबाईनं शेवटी ‘कृपया’ घातलं होतं. मी खोडायला लावलं.

आजेसासू

दि. २० मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.,

दोघं जाऊन आलो. रक्त तपासलं. कॅप्सूल बंद, गोळी पुन्हा सुरू. तिथे गेल्या-गेल्या डॉक्टरांनी यांच्याकडेच बघून विचारलं, बाईंना त्रास कधीपासून? हे सवयीनं तोंड उघडणार, इतक्यात मी म्हणाले, “गळा माझा आहे, मला विचारा.”

मग मी वीस मिनिटं बोलले. डॉक्टर लिहून घेत होते, हे शेजारी बसून ऐकत होते. त्यातलं निम्मं यांनाही नवीन होतं.

अशीच रागीट राहा.

तुझी चिमणी