मागच्या दाराचं कुलूप

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? मठाच्या जिन्याला नावं ठेवणं थांबलं असेल, तर बरा असावा. मी मात्र कात्रीत सापडलोय. कापड चोरीला जातं म्हणून मालकांनी शिलाई हॉलच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप बसवायला सांगितलंय. पुढचं दार मालाच्या गठ्ठ्यांनी अडलेलं, त्यामुळे आग लागली तर बायकांना पळायला तेवढंच दार. आपली ताईही त्याच हॉलमध्ये मशीनवर बसते. नाही म्हणावं, तर माझ्या जागेवर यायला दुसरा फिटर टपलेलाच आहे.

तूच सांगितलं होतंस, की तू मठात शिकवतेस त्या मध्ययुगीन कॅथलिक पंडितांच्या मते चांगल्या कामातून वाईट घडण्याची शक्यता असली, पण तो आपला हेतू नसला, तर ते काम कधीकधी करता येतं. माझा हेतू फक्त चोरी थांबवण्याचा आहे. मग मी सुटलो ना?

लोभ आहेच, तो उत्तर लिहितानाही राहू दे.
तुझा खिळ्या

ता. ११ मार्च

चि. खिळ्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरते. पंडितांना साक्षीला बोलावलंस, पण साक्ष अर्धीच घेतलीस. नुसता हेतू चांगला असून भागत नाही, त्या वाईटाच्या तोलाचं कारणही लागतं, असं त्यांनी बजावलंय. एकीकडे कापडाचे तागे, दुसरीकडे हॉलभर बायका. हे तोलायला मी कशाला हवी? त्यांना कारखाने ठाऊक नव्हते, पळवाट शोधणारा माणूस मात्र पक्का ठाऊक होता.

मठात बसून हे लिहिणं सोपं आहे, तेही कळतं. तुझ्या नोकरीची मला फार काळजी वाटते. तरी कुलूप लावू नकोस.

माया आहे तशीच आहे.
आत्या

ता. २९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कुलूप लावलं. पण किल्ली गळ्यात बांधून दिवसभर दाराशीच बसायचो, दुरुस्तीची कामं तिथेच मागवायचो. चहालासुद्धा उठलो नाही. वाटलं, मालकही राजी आणि तुझे पंडितही.

मालक इतके खूश झाले, की काल उरलेल्या तिन्ही हॉलना माझ्याच हातून कुलपं बसवून घेतली. चारही किल्ल्या माझ्याकडेच आहेत आणि मी एकटा.

रात्री जेवताना ताईने विचारलं, की आता तू कुठल्या दाराशी बसणार. तुझ्या, असं पटकन तोंडून गेलं. मग बाकीच्या तीन दारांच्या किल्ल्या गळ्यातून काढून ताटाशेजारी ठेवल्या.

रागव, पण लिहायचं थांबू नकोस.
खिळ्या