पापणी पाहून पाजावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मेंढीपालन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पोट ठिकाणावर नाही. पन्नास वर्षे लेंड्या, हगवण आणि जंत यांत हात घालून मला आता सगळ्याचीच शिसारी आली आहे, माणसांची जरा जास्तच. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर आज फाडले असते.

कलम १. राहते घर, तीन खोल्या व मागचा ओटा, मुलगा आणि सून यांना समान. न्हाणीघराचे दार घट्ट बसते, ते लाथ न मारता उघडावे.

कलम २. धाकट्या भावास काही नाही. नजरचुकीने राहिले असे कोणी समजू नये. "दादा, आमच्या कळपात जंत औषधालाही सापडायचा नाही," अशी शपथ घेऊन त्याने मला मेंढा दिला. त्या मेंढ्याचे शेपूट हगवणीने बरबटलेले होते. शी! नवे जनावर काही दिवस वेगळे बांधून त्याची लेंडी तपासून घ्यावी हे मला ठाऊक होते. तरी त्याच संध्याकाळी मी तो कळपात सोडला. खोटेपणा भावाचा, आळस माझा.

कलम ३. लोखंडी वजनकाटा मुलास. तो मेंढी जराशी उचलतो, "असेल तीस किलो," म्हणतो आणि अर्धवट औषध पाजतो. अर्ध्या औषधाने जंत मरत नाही, निर्ढावतो. ही खोड त्याने माझ्याकडूनच उचलली, म्हणून इथे शिव्या लिहीत नाही. आधी काटा, मग पिचकारी.

कलम ४. एकशे बारा मेंढ्या, चार मेंढे, तिन्ही कुरणे, औषधाची पिचकारी आणि लेंडी तपासायचा सूक्ष्मदर्शक सुनेस, एकटीस. मुलगा कपाळाला आठ्या घालील. परवाच म्हणत होता, "बाबा, महिन्याला सरसकट सगळ्यांना पाजलं की डोक्याला ताप नाही." मीही जन्मभर हेच म्हणत आलो. म्हणून कारण लिहितो. हे कलम भावासकट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे.

अकरा वर्षांपूर्वीपर्यंत मी सगळा कळप एका दिवसात पाजायचो आणि लगेच ताज्या कुरणात हलवायचो. स्वतःच्या हुशारीवर खूश असायचो. गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "अहो, औषधातून वाचलेले जंत तेवढे तुम्ही नव्या कुरणात पेरताय. हे जंत रक्त पितात; पापणी आतून लालबुंद असेल तर त्या मेंढीला पाजूच नका. तिच्या पोटातले औषधाला मरणारे जंतही राहू देत, नाहीतर फक्त निगरगट्टच उरतील." मी त्यांना फाटक दाखवले.

सून मात्र कान देऊन ऐकत होती. पुढच्या खेपेला तिने पापण्या पाहून वीस मोठ्या मेंढ्या गुपचूप वगळल्या. त्या महिन्यात एकतीस कोकरे गेली. जबड्याखाली पाण्याची सूज, पापण्या पांढऱ्याफटक. एक फाडून पाहिले, तर औषध पाजून आठवडा झालेला आणि जठरात जंतांचा नुसता गुंता वळवळत होता. तो वास अजून नाकातून जात नाही.

मी अंगणात, लोकर कातरणाऱ्यांदेखत, सुनेला म्हणालो, "तूच मारलीस ही. घाण आहेस तू या घरातली."

तिच्या हातात मेलेले कोकरू होते. ती एवढेच म्हणाली, "बाबा, मेलेलं एकूण एक पाजलेलं होतं."

मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी लेंड्या तपासल्याचा कागद आणून दिला. पाजलेल्या जनावरांत जंतांची अंडी जेवढीच्या तेवढी. औषध माझ्या हाताने मेले होते. तो कागद मी ट्रंकेत तळाशी दडवला. पुढे गुडघ्यांचे निमित्त करून काम सुनेवर सोडले, तिच्या पद्धतीने कळप सावरला आणि शाबासकी मी घेतली. जंतांची किळस हात धुतल्यावर जाते. ही जात नाही.

~~तो कागद या मृत्युपत्रास जोडला आहे. माझ्या पश्चात सुनेस द्यावा.~~

खाडाखोडीचे कारण. इथवर लिहिले तोच सून दारात आली. "बाबा, काळतोंडीची पापणी फिकी दिसतेय. पाजू का?" अंगणातल्या त्या दिवसापासून ती प्रत्येक मेंढीसाठी मला असेच विचारते, आणि मी मान वर न करता "पाज" किंवा "राहू दे" म्हणतो. आज मान वर केली. म्हणालो, "मला कशाला विचारतेस? तुझी मेंढी आहे." आणि कागद तिच्या हातात दिला.

तिने तो उभ्यानेच वाचला. तारीख दोनदा पाहिली. घडी घालून कमरेला खोचला आणि काळतोंडीला काट्यावर घ्यायला गेली. बरोबर केले.

वरील दोन वाक्ये दोन्ही साक्षीदारांसमोर खोडली आहेत. बाकी सर्व कायम.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली.
तारीख: कातरणी संपल्याचा दुसरा दिवस, सकाळ.

सही: मेंढ्यांचा आजवरचा मालक

साक्षीदार १: गुरांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांना फाटक दाखवले होते.
साक्षीदार २: लोकर कातरणारा, त्या दिवशी अंगणात हजर असलेला.