दाट, जमीन दिसत नाही

॥ श्री ॥
नेर, ५ ऑक्टोबर २००८

चि. अर्पितास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऑफिसचं जागा सांगणारं यंत्र मिळालं. फोन करता आला असता, पण फोनवरचं बोलणं हवेत जातं. कामाचं बोलणं कागदावर असावं. पंप दुरुस्तीचं दुकान बंद ठेवलं आणि गफ्फारभाईच्या लुनावर बसून तू सांगितलेली सगळी वावरं पाहिली. गफ्फारभाई गावोगाव सांगत सुटला आहे, का आमचा घनश्याम आता सरकारचा डोळा झाला, त्याच्यापासून काही लपवू नका. मी हसलो नाही, पण आवडलं.

तू लिहिलंस, का तुमचा हा उपग्रह आपल्या देशाच्या छोट्या उपग्रहांच्या मालिकेतला पहिला, धान्याच्या कोठीएवढा. आणि त्याला वरून जे दिसतं ते खाली खरंच आहे का, हे कोणीतरी जाऊन पाहावं लागतं. तर तो कोणीतरी मी. तुम्ही दोनच गोष्टी विचारल्या: पीक कोणतं, आणि पानांनी जमीन किती झाकली. विचारलं तेवढंच मी लिहितो, पदरचं घालत नाही. तुझ्या आईच्या, विमलताईच्या वावराचं टिपण असं: पऱ्हाटी, दाट, जमीन दिसत नाही. तिच्या ओळी सुतात आहेत, पण तेही विचारलेलं नाही म्हणून लिहिलं नाही.

ताईला वाचून दाखवलं तर म्हणते, का मंग कापसाची बोंडं कोण लिहीन? तिचं एकच टुमणं चालू आहे. यंदा साधलं नाही तर वावर सोडते अन् लोहाऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते म्हणते. मी मनावर घेत नाही. वावर सोडून तिला करमेल कुठं?

जेवत जा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा मामा,
घनश्याम

नागपूर, २८ ऑक्टोबर २००८

ती. घनश्याममामांस सा. न. वि. वि.

मामा, तुमची टिपणं साहेबांनी सगळ्यांपुढे वाचली. म्हणाले, का असं नेमकं लिहिणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही. आता अजून ताठ चालू नका, कंबर धरेल.

सोबत चित्र पाठवते. लाल पाहून घाबरू नका. हिरवं पान या चित्रात लाल दाखवतात. आईचं वावर म्हणजे जेमतेम मूठभर ठिपके, पण गावात सगळ्यांत लाल तेच. मी टेबलावर बोट ठेवून बघत बसले. या वर्षी प्रयोग म्हणून ही चित्रं पिकाच्या अंदाजाला जोडणार आहेत. आपलं गाव चांगल्या पिकात मीच टाकलं. आईला सांगा, आता लोहाऱ्याचं नाव काढू नको.

कापसाचा पहिला वेचा किती निघाला ते कळवा. माया असू द्यावी.

आपली,
अर्पिता

॥ श्री ॥
नेर, १२ नोव्हेंबर २००८

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

चित्र पाहून गफ्फारभाईनं विचारलं, का गावाला आग कोणी लावली. त्याला समजावून सांगितलं. मग चित्र घेऊन ताईकडे गेलो.

वेचा निघाला नाही. सप्टेंबरात पाणी लागून राहिलं, त्यानं पऱ्हाटी खांद्याला लागली आणि फुलाची पाती कळीतच गळाली. जी बोंडं धरली ती आत सडली. एवढी हिरवी पऱ्हाटी या गावानं कधी पाहिली नव्हती आणि ओटीत एवढा कमी कापूसही. सगळ्या गावाचं असंच आहे. ताईनं चित्र हातात घेतलं आणि म्हणाली, का लय साजरं दिसून राह्यलं, घरात लाव.

आता कामाचं. गाव बुडालेलं धरलं तर सरकारकडून पुढच्या सालचं बियाणं मिळेल. ते मिळालं तर ताई पेरीन म्हणते, नाही तर नाही. तिनं बैलाला गिऱ्हाईक बोलावलं आहे. तू लवकर दुरुस्ती कर.

एक मात्र ध्यानात ठेव. माझं टिपण चुकीचं नाही. पुन्हा वाचून पाहा, एक शब्द खोटा निघणार नाही.

लोभात खंड नसावा.

घनश्याम

नागपूर, ३ डिसेंबर २००८

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं टिपण बरोबर आहे. चित्रही बरोबर आहे. दोन्ही जुळतात, म्हणूनच दुरुस्त करायला काही नाही, असं साहेब म्हणाले. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, का ते वावर तुमच्या नात्यातलं आहे काय. मी हो म्हटलं. मग विषयच संपला. अंदाज पुढे गेला. गाव चांगल्यात आहे.

तुम्ही विचाराल, बोंडं दिसतील असा उपग्रह कधी जाईल. मालिकेतला पुढचाही पानंच पाहणार आहे, मामा, फक्त जरा जवळून. मी कापसाच्या घरातली, आणि चित्र लाल दिसल्यावर बोंडं धरली का विचारायला आईला एक फोन केला नाही. तिला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मला जमत नाही.

अर्पिता

॥ श्री ॥
नेर, १८ ऑक्टोबर २००९

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ताईचं वावर यंदाही लाल आलं आणि तुमच्याकडे पीक कोणतं ते कळेना, म्हणून टिपण मागितलंस. गफ्फारभाईनं लुना काढली.

ताई लोहाऱ्याला गेल्यावर वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानंही कोणी घेतलं नव्हतं. धुऱ्याचा बांध सापडत नाही. गाजरगवत छातीला लागतं, वर पांढरी फुलं. हात अजून खाजताहेत. टिपण असं: गाजरगवत, दाट, जमीन दिसत नाही.

येताना लोहाऱ्याला उतरलो. ताई कापसातला कचरा निवडते, खोकला धरला आहे. म्हणते, का दिवसभर हातात कापूसच असते, पण कोनाच्या वावरातला ते समजत नाही. चित्र तिनं खोलीत लावलं आहे, उलटं. मी सरळ केलं नाही.

टिपणाखाली, तुम्ही विचारलं नव्हतं तरी, एक ओळ जास्तीची लिहिली आहे: इथं विमल पेरत होती. तुझे साहेब ती खोडतील. खोडू दे. पण त्यांच्या आधी तू खोडू नकोस.

तुझ्या आईकडे ये. लोभ आहे.

घनश्याम