जेट्टीवरची हाक

प्रिय श्रुतिका,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे ठीक आहेत. बाबांचं गुडघ्याचं रडगाणं चालू आहे, म्हणजे तब्येत उत्तमच आहे. फोन करता आला असता, पण फोनवर माझं काही धड होत नाही. तू 'बोला ना आई' म्हणतेस आणि जे बोलायचं ते राहतं बाजूला. जेवलीस का, मुलुंडला पाणी वेळेवर येतं का, असलं काहीतरी विचारून मी फोन ठेवून देते. शिवाय फोनवर माणसाला लगेच उत्तर द्यावं लागतं. पत्राचं बरं असतं, वाचून उशाखाली ठेवता येतं. तू बॅग घेऊन माहेरी गेलीस त्याला आता बरेच दिवस झाले. महिनाअखेरीला सुबोध पुण्याच्या ऑफिसात रुजू होणार आणि तू त्याच्याबरोबर जाणार की नाही, हे या घरात कुणालाच माहीत नाही. विचारायची हिंमतही कुणात नाही. बापलेक टीव्हीसमोर बसून बातम्या बघतात आणि मी भांडी जरा जास्तच आदळत घासते.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. पोरगा ऑफिसात 'जातो पुण्याला' म्हणून कबूल करून आला आणि तुला सांगितलं कधी, तर ताटात आमटी वाढून घेताना. तुझी नोकरी अंधेरीला आहे, ती तू किती खटपटीनं मिळवलीस, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला वाटलं, तू समजून घेशील. या घरातल्या पुरुषांना असं फार वाटतं. तरी तू चार दिवस काही बोलली नाहीस. मग दोघं सिनेमाला गेलात आणि भांडलात ते सिनेमावरून. जिन्यातूनच आवाज येत होते, मी दार उघडून उभी. तो म्हणत होता, "एवढा नवरा जीव तोडून हाक मारतोय आणि ती बाई ढिम्म बोटीत बसते, असला शेवट करतात का?" तू म्हणालीस, "आधी कधी मारली होती त्यानं हाक?" तो म्हणाला, "म्हणजे तूही वळणार नाहीस?" आणि तू म्हणालीस, "मारून तर बघ!" दुसऱ्या दिवशी तुझी बॅग भरलेली.

सिनेमावरून संसार मोडायची वेळ येते, म्हणजे त्यात आहे तरी काय, ते बघायला मग मीही गेले. ह्यांना ओढत नेलं. नंदकिशोर केळुसकरांचे सिनेमे आम्ही लालबागला राहत होतो तेव्हापासून बघतोय. गिरणी बंद पडली त्या वर्षीसुद्धा त्यांचा एक सोडला नव्हता. हा त्यांचा शेवटचा. पुरा केला आणि महिन्याभरात गेले बिचारे. त्यामुळे शेवटाचा अर्थ विचारायला माणूसच उरला नाही आणि लोकांना भांडायला मोकळं रान मिळालं. तू बघितलायसच, तरी मला दिसला तसा सांगते. मढच्या त्या बंगल्यात नवराबायको राहतात. मारझोड नाही, दारू नाही, बाहेरचं काही नाही. फक्त तो तिला कधी नावानं हाक मारत नाही. 'अगं', 'ऐकलंस का', 'कुठं आहेस'. ती आहे हे त्यानं इतकं धरून चाललंय, की ती दिवसेंदिवस घरातच दिसेनाशी होते. मग एक दिवस ती पिशवी घेऊन वर्सोव्याच्या फेरीबोटीत जाऊन बसते, तो धावत मढच्या जेट्टीवर येतो आणि जन्मात पहिल्यांदा ओरडतो, "शुभाऽ!" तिची पाठ आपल्याकडे. बोट सुटते. ती वळत नाही. संपला सिनेमा, दिवे लागले, आणि माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस मोठ्यानं म्हणाला, "अरे, हे काय?"

आपल्या इमारतीत तर दोन पक्षच पडलेत. तळमजल्यावरच्या हेमांगीताई म्हणतात, "ऐकलं तिनं, चांगलं ऐकलं. मी असते तर कानात बोटं घातली असती." ह्या बाईंचा नवरा त्यांना विचारल्याशिवाय शिंकत नाही, पण ते असो. तिसऱ्या मजल्यावरची रोशनी रोज त्या फेरीनं जायची; ती म्हणते, "आंटी, त्या इंजिनाच्या आवाजात बाजूचा माणूस बोललेला ऐकू येत नाही. तिला कळलंच नाही, यार!" असं म्हणून तिनं डोळे पुसले. सेक्रेटरी निमेशभाईंचं तिसरंच. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, की त्या माणसानं पुढची फेरी का पकडली नाही? दहा मिनिटांत दुसरी सुटते. ग्रुपवर सगळे हसले. मीही हसले. आता वाटतं, त्या सगळ्या गोंधळात शहाणं बोलले ते निमेशभाईच.

मला काय वाटलं? आधी त्या बाईचा राग आला. मग त्या माणसाचा. मग इंटरव्हलला आणलेल्या पॉपकॉर्नची पुडी तशीच मांडीवर राहिलीय हे लक्षात आलं. ह्यांना विचारलं, तर परतीची रिक्षा मालवणी सिग्नलला थांबली तेव्हा आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नाव घेवक उशीर झालो त्येका." आणि बाहेर बघत बसले.

तुला माहीतच आहे, ह्यांनीही मला कधी नावानं हाक मारलेली नाही. 'गो' म्हणतात, नाहीतर नुसतं खाकरतात. सुबोध तुला 'यार' म्हणतो तेव्हा तू म्हणायचीस, "माझं नाव यार आहे का?" मी पोळ्या लाटता लाटता मनात म्हणायची, बाई, तुला निदान यार तरी मिळाला. पण खरं सांगते, मलाही त्याची खंत अशी नव्हती. तीस वर्षं बालवाडीत मी दुसऱ्यांच्या पोरांची नावं पुकारली. आपलं नाव कुणी घ्यावं हे डोक्यातच आलं नाही. आणि माझं नाव तरी कुठलं? लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'सुगंधा' लिहिलं तेव्हापासून मी सुगंधा. त्याआधी मी द्रौपदी होते. तुझ्या वेळी मी ताटात तांदूळ घेतले, तू म्हणालीस, "आई, श्रुतिकाच लिहायला सांगा ना." मी म्हटलं, लिही बाबा श्रुतिकाच. तेव्हा माझ्या मनात काय झालं होतं ते मला आज कळतंय.

आता मालाडच्या बाजारातली गंमत ऐक. गंमत म्हणते, पण आहे की नाही ते तूच ठरव. मागच्या आठवड्यात आम्ही दोघं बाजारात गेलो. हे नारळवाल्याकडे थांबले आणि मी जान्हवीकडे बोंबील घ्यायला गेले. जान्हवी म्हणजे आपली ती मढची कोळीण, जिच्याशी भाव करताना तू लाजून लांब उभी राहायचीस. घासाघीस रंगात आलेली. बोंबील घेऊन वळते तर ह्यांचा पत्ता नाही. नारळ तिथेच, पिशवी तिथेच. घरी आले तर हे पंखा न लावता खुर्चीत बसलेले. काय झालं? "काय नाय." बोंबील तळले, एक घेतला आणि उठले. बोंबील सोडून उठणारा हा माणूस नव्हे. दोन दिवस तसंच. मी समजले, सुबोधची काळजी.

मग मी पुन्हा बाजारात गेले तेव्हा जान्हवी म्हणाली, "काकी, त्या दिवशी काका कोनाला शोधत होते? दोन येला वरडले, 'द्रौपदी, द्रौपदी'. मला वाटला कोनची पोर हरवली." कुणाची पोर नव्हे गं, मीच ती. चाळीसहून जास्त वर्षं झाली, त्या नावानं मला हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. आई गेली, मावशी गेली. ते नाव माझ्या पाठीमागे भर बाजारात दोनदा वाजलं आणि मला वाटलं असेल, असेल कुणीतरी द्रौपदी. मी आपली बोंबलाच्या वाट्यावर आणखी दोन मागत उभी.

घरी येऊन विचारलं, तर आधी कबूलच करेनात. मग म्हणाले, "सुगंधा म्हणान सगळीच हाक मारतत. म्हटलंय, माझी येगळी मारूया." मला बघायला आले होते तेव्हा मावशीनं आतून 'द्रौपदी, पाणी आण' म्हटलं होतं, तेवढंच ऐकलेलं ते नाव ह्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. आणि मला कधी कळू दिलं नाही, मेल्यांनी! पुढे म्हणाले, "तू वळलंस नाय. सिनेमातल्यावानी केलंस." दोन दिवस हा माणूस असं धरून बसला होता, की मी ऐकलं आणि मुद्दाम वळले नाही. मी आधी हसले, मग बराच वेळ रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मीही पहिल्यांदा ह्यांचं नाव घेऊन म्हटलं, "धाकू, चहा घ्या." चहा सगळा सदऱ्यावर.

तेव्हापासून त्या सिनेमाबद्दल मला मतच उरलेलं नाही. हेमांगीताई विचारतात, तुम्ही कुठल्या बाजूच्या? मी म्हणते, मी माशांच्या बाजूची. बालवाडीत हजेरी घेताना वर्गात असूनही 'ओ' न देणारी पोरं मी खूप पाहिलीत. कुणी रुसलेलं असायचं. कुणी खिडकीतून मांजर बघत असायचं. दोघांचीही गैरहजेरी लावली असती तर एकावर अन्यायच झाला असता. मी आपली जवळ जाऊन विचारायची. तुला आठवतं, कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगून मी वाण्याकडे गेले होते, आणि तू कानात फोनची ती पांढरी बोंडं घालून ऑफिसचं काम करत बसली होतीस? डाळीचा कोळसा झाला, शेजारी धावत आले आणि तू विचारलंस, "काय झालं?" त्या दिवशी मी तुझ्यावर चिडले होते. आता त्या डाळीची आठवण आली की मला धीर येतो. का, ते सांगते.

परवा रविवारी सुबोध मुलुंडला आला होता. तुला हे माहीत आहे की नाही, तेच मला माहीत नाही. तू 'मारून तर बघ' म्हणाली होतीस ना, ते त्या वेड्यानं अक्षरशः घेतलं. जिना चढून बेल वाजवायची अक्कल नाही. खाली उभा राहिला आणि तुला हाक मारली. 'यार' नाही, 'ए' नाही. श्रुतिका म्हणून, पूर्ण. तू गॅलरीत वाळलेले कपडे काढत होतीस. बाजूच्या प्लॉटवर नव्या इमारतीचं मशीन धडधडत होतं म्हणे. त्यानं पुन्हा मारली. तू कपडे घेऊन आत गेलीस. तुझ्या कानात ती बोंडं होती का, हे त्याला खालून दिसणार कसं? घरी येऊन मला म्हणाला, "आई, तिला ऐकू आलं. विषय संपला." आणि माळ्यावरची बॅग काढली. मी त्याला बाजाराची गोष्ट सांगितली, निमेशभाईंची दुसरी फेरी सांगितली. तो ऐकेना, बापावर गेलाय. म्हणून हे पत्र. तुला परत बोलवायला नाही लिहिलं. तुला ऐकू आलं असेल आणि तू वळली नसशील, तर तो तुझा हक्क आहे. तसं कळव, मी त्याला सांगेन, आणि तुझ्याकडे मात्र येत राहीन, कारण ताटात स्वतःचंच नाव लिहून घेणारी सून मला पुन्हा कुठे मिळायची? पण बॅग अजून उघडीच आहे, अर्धीच भरलीय, आणि तो दर थोड्या वेळानं पालथा ठेवलेला फोन उचलून बघतो. तेव्हा मला एवढंच सांग, पोरी. ऐकू आलं होतं का गं तुला?

तुझीच,
द्रौपदी