ब्रिज की राऊटर: माझा निर्णय

५ मे, सोमवार
खुलताबादकडच्या सहा गावांच्या पाणी योजनेचं रेडिओ नेटवर्क माझ्याकडं आलं. डोंगरावर टाकी, खाली तलावाशी पंपहाऊस, मध्ये वायर नाही. टाकी भरली की वरचा रेडिओ निरोप धाडणार, खालचा पंप बंद होणार. एकोणीस वर्षांच्या अनुभवाला किरकोळ काम.
निश्चय: या वेळी मॅन्युअल पूर्ण वाचायचं.

६ मे
२१४ पानं. नवव्या पानावर प्रश्न: ब्रिज मोड की राऊटर मोड? ब्रिज म्हणजे सगळी यंत्रं एका घरात, एकानं हाक मारली की सगळ्यांना ऐकू जाते. राऊटर म्हणजे प्रत्येकाची वेगळी खोली, आणि दारात पत्ता सांगितल्याशिवाय आत सोडत नाहीत. मी एकत्र कुटुंबातला माणूस. ब्रिज. वाचन समाप्त.

७ मे
ज्युनिअर विशाखा म्हणते, "सर, राऊटर ठेवू. रेडिओ स्लो आहे. इकडच्या यंत्रांचा गोंगाट त्यावर गेला तर टाकीचा निरोप अडकेल." राऊटरला प्रत्येक खोलीचे पत्ते अन् रस्ते हातानं भरावे लागतात. मला येतं ते. वेळ नाही, एवढंच.

९ मे, सकाळी ११
चालू! अर्ध्या तासात. टाकी भरली, पंप बंद. पंपहाऊसच्या ऑपरेटर वहिदा आपा म्हणाल्या, "अब मेरेकू टाकी पे नजर रखने की जरूरत नै ना, साहब?" म्हणालो, आराम करा. हे विशाखाला ऐकू जाईल असं म्हणालो.

१३ मे
योजनेच्या ऑफिसातले पाच कॉम्प्युटर, प्रिंटर आणि चार कॅमेरे याच नेटवर्कला जोडले. वायर खुपसली की झालं! विशाखानं वहीत काहीतरी टिपून घेतलं. शिकतेय.

१६ मे, दुपारी ४
टाकी वाहिली. भरल्याचा निरोप निघाला, पण पोचला नाही. पंप दोन तास चालूच. पाणी उतारानं थेट कडुबा शेतकऱ्याच्या कांद्याच्या चाळीत.
विशाखानं लॅपटॉपवर दाखवलं. प्रिंटर दर मिनिटाला 'मी इथं आहे' म्हणून डोंगरापर्यंत ओरडतोय, कॅमेरेही तसेच. त्या गर्दीत टाकीचा आवाज दबला. प्रिंटरच्या कंपनीला कडक मेल लिहायचा आहे.
कडुबा म्हणाला, "दिवाळीपस्तोर ठिवायचा कांदा व्हता, साहेब. आता आठ दिस बी टिकत नाय." वाईट वाटलं. पण उताराला चाळ बांधावीच कशाला?

१७ मे
नवी व्यवस्था. आपांचा भाऊ गयास टाकीवर बसतो, भरली की बहिणीला फोन करतो. रिपोर्टमध्ये 'हायब्रिड सिस्टीम' लिहिलं.
सोमवारपासून चार दिवस रजा, मेव्हण्याचं लग्न आहे. विशाखाला बजावलं, सेटिंगला हात लावायचा नाही.

२३ मे, शुक्रवार
योजनेच्या साहेबांसमोर डेमो. वीस मिनिटं ब्रिजवर बोललो. लोक ब्रिजला घाबरतात, मी घाबरलो नाही, असंही म्हणालो. टाकी भरली, पंप फट्कन बंद! प्रिंटर चालू, कॅमेरे चालू, गयास घरी. साहेबांनी विचारलं, मग त्या दिवशी काय झालं होतं? म्हणालो, ब्रिज बसायला थोडे दिवस लागतात.
तेव्हा विशाखा हळूच म्हणाली, "सर, मंगळवारपासून राऊटर आहे. साहेबांची परवानगी घेऊन बदललं."
साहेब म्हणाले, "मला माहीत होतं. तुमच्या लक्षात येतं का, ते बघत होतो." पुढचे सगळे प्रश्न तिलाच.

संध्याकाळी ६
परत येताना कडुबा सडका कांदा बांधावर ओतत होता. विशाखानं गाडी थांबवली, उतरून माफी मागितली. मी फोनवर असल्यासारखं केलं.
दौलताबादच्या घाटात तिला विचारलं, राऊटर नेमकं कसं करतात? उस्मानपुरा येईपर्यंत तिनं शांतपणे सांगितलं, दोनदा.
समजलं, म्हणालो.
नाही समजलं.